छोट्या बोटीसाठी जिब फर्लर: सीडीआय फ्लेक्सिबल फर्लर वापरून काय वाटलं

आमची बोट वीस फुटी, ट्रेलरवरची, तिघांत मिळून घेतलेली. पुण्यात पार्किंगमध्ये उभी असते आणि सुट्टीला बॅकवॉटरला जाते, म्हणजे डोलकाठी दर वेळी उभी करायची आणि संध्याकाळी परत आडवी. फर्लर, म्हणजे जिब (पुढचं शीड) गुंडाळून ठेवणारं साधन, निवडताना ही एकच गोष्ट बाकी सगळ्याच्या वर ठेवली, कारण ऑनलाइन जे रिव्ह्यू वाचायला मिळतात ते बहुतेक मरिनात वर्षभर डोलकाठी उभी असणाऱ्या लोकांचे असतात आणि त्यांचं गणितच वेगळं.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा की जिब नुसतं गुंडाळायचंय की वारा वाढल्यावर अर्धवट गुंडाळून छोटंही करायचंय? नुसतं गुंडाळायचं असेल तर हार्केन, बार्टन या कंपन्यांचे छोटे ड्रम येतात, खाली ड्रम (दोरी गुंडाळायचं चाक), वर स्विव्हल (फिरतं कडं), आणि शिडाच्या पुढच्या कडेत वायर असते तिच्याभोवतीच शीड गुंडाळलं जातं, फोरस्टे (डोलकाठी पुढून धरून ठेवणारी तार) वेगळा राहतो. स्वस्त, हलका, काढा-घाला सोपं. पण त्यात शीड पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही, कारण अर्धं गुंडाळून वाऱ्यात ठेवलं तर वायरला पीळ बसतो, खालचा भाग फिरतो आणि वरचा मागे राहतो. दोन माणसांच्या डिंगीला (छोट्या उघड्या होडीला) एवढं पुरे, किंबहुना चौदा फुटी डिंगीला त्याचीही गरज नाही, हँकवालं (फोरस्टेला आकड्यांनी अडकवलेलं) जिब खाली ओढा आणि झालं.

आम्हाला छोटं करणं हवं होतं. पावसाळ्याच्या आधी दुपारी डोंगरातून जे झोत उतरतात ते कुणाला सांगून येत नाहीत, आणि तेव्हा कुणीतरी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन ओल्या डेकवर गुडघे टेकून शीड काढत बसायचं, तेही बरोबर भाचेकंपनी असताना, हे मला नको होतं. त्यामुळे फॉइलवाला फर्लर, म्हणजे फोरस्टेवर खोबणीची लांब नळी चढवलेली, तिच्यात शीड अडकतं आणि तिच्याबरोबर फिरतं. यात हार्केन, फर्लेक्स, प्रोफर्ल यांची ॲल्युमिनियमची फॉइल्स म्हणजे राजेशाही काम, शीड मस्त ताणून बसतं, पण तुकडे जोडलेलं ते लांब फॉइल दर आठवड्याला आडवं करायचं, ट्रेलरवर बांधायचं, आणि चांदणी चौकातून न्यायचं? एकदा वाकलं की बसा. सीडीआयचं फॉइल प्लॅस्टिकचं, एकसंध, लवचिक. डोलकाठी उतरवताना कमान झाली तरी त्याला काही फरक पडत नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे वर स्विव्हलच नाही. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) फॉइलच्या आतूनच जातो आणि सगळ्याबरोबर फिरतो, त्यामुळे वर हॅलयार्ड फोरस्टेला गुंडाळून सगळं जाम होणं, जो बाकी फर्लरचा हमखास रोग आहे, तो इथे होऊच शकत नाही. शिवाय डोलकाठीवरचा जिबचा मूळ हॅलयार्ड मोकळा मिळतो, काठी उभी करताना तोच कामाला येतो. याची किंमत अशी की आतला हॅलयार्ड बारीक असतो, शिडाची पुढची कड हवी तशी कडक ताणता येत नाही. रेस करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. आम्ही पोहे खात फिरणारे.

फॉइल गुंडाळी होऊन येतं आणि तो वळसा ते सोडत नाही, म्हणून उन्हात सरळ पसरून ठेवायचं असतं. हे एक काम पुण्याच्या एप्रिलमधल्या गच्चीने फुकटात केलं, फक्त सोसायटीतल्या काकांना ‘पाइप कसला?’ याचं उत्तर देत बसावं लागलं.

खर्चाचं बोलायचं तर फर्लरच्या किमतीवर थांबू नका. शिपिंग आणि ड्युटी आहेच, पण खरी भर शिडाच्या कामाची. हँक काढून पुढच्या कडेला लफ टेप (फॉइलच्या खोबणीत बसणारी पट्टी) शिवायची, आणि खाली ड्रम जागा खातो म्हणून शिडाची उंची थोडी कमी करावी लागते, ती आधी मोजून घ्या. शिवाय मागच्या आणि खालच्या कडेला यूव्ही कापडाची पट्टी, कारण गुंडाळलेलं शीड दिवसभर उन्हात उघडंच असतं. पट्टी ज्या बाजूला शिवलीय ती बाहेर येईल अशाच दिशेने ड्रमवर गुंडाळायची दोरी भरायची, हे शिवणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. पडदे-ताडपत्री शिवणाऱ्याकडे हे काम देऊ नका, नुसतं जाड कापडाचं मशीन असून भागत नाही. शॅकल, पिना वगैरे किरकोळ स्टेनलेसचं सामान पुण्याच्या बोहरी आळीत बघायला हरकत नाही, पण फोरस्टेला लागणारी पिन तिथली घेऊ नका, तिच्यावर डोलकाठी उभी असते.

वापरताना: दोरी ड्रमला काटकोनात यायला हवी, नाहीतर घसटते आणि गुंता होतो. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं म्हणून फेरे जास्त लागतात, ड्रमवर तेवढी जादा दोरी ठेवा, शीटचेही (शीड ओढून धरायच्या दोरीचेही) गुंडाळलेल्या शिडाभोवती दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. एक तृतीयांशाच्या पुढे गुंडाळलं तर शिडाचा पार झोळ होतो, वाऱ्यावर चढणं (वाऱ्याच्या दिशेकडे जाणं) विसरा, घरी परतण्यापुरतं ठीक. छोटं केल्यावर शीटची पुली पुढे सरकवायची, हे बरेच जण करत नाहीत आणि मग फर्लरला नावं ठेवतात.

मांडव्याला किंवा मुंबईला बोट कायम पाण्यात ठेवणार असाल तर मी हा घ्या म्हणणार नाही, तिथे ॲल्युमिनियमवर पैसे घाला. ट्रेलरवाल्यांनी मात्र हाच बघावा.