शेकडेवारी: अपूर्णांकानं का शंभरानं भागून?

पोरांना दोन्ही रीती शिकवतात पण माझं विचाराल तर आधी अपूर्णांकच. २५ टक्के म्हंजे पाव, साडेबारा म्हंजे त्याच्या निम्मं, १/८, हे डोक्यात बसलं की पैठणला ८००० च्या पैठणीवर साडेबारा टक्के सूट म्हणल्याबरोबर पोरगं १००० सांगून मोकळं होतं, तेच दुसऱ्या रीतीनं ८००० गुणिले १२.५ भागिले १०० करत बसा अन् दशांश चिन्ह एक घर सरकलं की झालाच घोळ. साडेसदतीस तर ३/८, उगं घाबरायचं नाही. पण १८ टक्के जीएसटी आला की होतात ९/५०, ते कोण लक्षात ठेवतंय, तिथं सरळ शंभराची रीत, ६५० वर ११७. आन ३३ टक्क्याला १/३ धरू नका बरं, ९०० चे २९७ होतात, ३०० नाही.