आर्मची उंची लावायला आला आणि बाबांचं कार्ट्रिज घेऊन गेला

१०,५०० रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण घरी तो सांगायला मला आठ दिवस लागले.

परभणीच्या घरी बाबांचं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आहे. त्यावर जाड रबरी मॅट टाकली, रेकॉर्ड वर आली आणि आर्म (सुई धरणारा दांडा) मागून खाली झुकला. रेकॉर्डची बाजू संपत आली की आवाज फाटायचा. आर्मची उंची वाढवायची आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) सरळ बसवायचं, एवढंच काम. पण माझा हात थरथरतो, म्हणून छत्रपती संभाजीनगरहून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. येण्याचे १,२०० रोख दिले.

त्याने भिंगातून बघितलं. "काका, सुई गेली. अलाइनमेंट दुकानात मशीनवर करावी लागते." हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज लावलेलं आर्मचं टोक, काढून रुमालात गुंडाळलं. सुईचे ६,८०० आणि अलाइनमेंटचे २,५०० मी तिथल्या तिथे फोनवरून पाठवले.

इथेच कळायला हवं होतं. अलाइनमेंट म्हणजे सुई, आर्मचा पिव्हट (ज्यावर तो फिरतो तो बिंदू) आणि मधला स्पिंडल (रेकॉर्डच्या भोकातली खुंटी) यांच्यातलं अंतर आणि कोन. आर्म माझ्या टेबलावर, स्पिंडल माझ्या टेबलावर, मग हा दुकानात जुळवणार कशाशी? मला हे माहीत होतं! पण समोरचा ठामपणे बोलत असला की आपण स्वतःवरच शंका घेतो. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

पाच दिवसांनी आला आणि हेडशेल लावून दहा मिनिटांत निघाला. अलाइनमेंट तपासायचा रेघांचा कागद टाकला नाही, उंचीच्या रिंगला हात लावला नाही. हेडशेलमधल्या हिरव्या तारेच्या टोकाला बाबांनी स्वतः डाग दिला होता, तिथे राखाडी गुठळी होती. आता चारही टोकं चकचकीत. मी बघितलं आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून झोपू देत नाही.

आठवड्याने छोटा वजनकाटा आणला. रेकॉर्डवर पडणारा सुईचा भार ३.४ ग्रॅम! बाबांच्या कार्ट्रिजला पावणेदोन पुरायचे. हे दुसरंच कुठलं तरी स्वस्तातलं. तोवर त्यावर १४ रेकॉर्ड वाजल्या होत्या, त्यात बाबांच्या भीमसेनजींच्या दोन. रेकॉर्डची घासली गेलेली खाच परत भरत नाही.

हेडशेल घराबाहेर जाऊ देऊ नका. द्यायचंच झालं तर आधी तारांसकट फोटो काढा.

पोलीस ठाण्यात गेलो. "सुई बदलली म्हणून गुन्हा नोंदवू का साहेब? हा दिवाणी मामला आहे." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना? अहो, फसलेला माणूस स्वतःहूनच पाठवतो! ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे वहीच्या पानावरची चिठ्ठी. कार्ट्रिज बाबांचंच होतं याचा पुरावा काय, असंही विचारलं. चाळीस वर्षं घरात वाजलेल्या वस्तूचा पुरावा कुठून आणू? तीन खेपा झाल्या, अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. तुम्ही पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि हो, रेघांचा कागद छापताना शंभर टक्के आकारातच छापा आणि पट्टीने मोजून बघा. त्यावरच्या दोन्ही खुणांवर सुई टेकवली की कार्ट्रिज रेघांना समांतर आलं पाहिजे. सुई रेकॉर्डवर टेकलेली असताना आर्म बाजूने आडवा सरळ दिसला की उंची जमली. करणाऱ्याने हे तुमच्यासमोर करून दाखवलं नाही तर एक रुपया देऊ नका.

तो आता फोन उचलत नाही. बाबांचं कार्ट्रिज त्याच्याकडेच आहे.