सार्जंटच्या ‘गॅस्ड’ची तैलरंगातली प्रत: बरी, पण सावल्या मळल्यात

अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं पहिल्या महायुद्धावरचं हे मूळ चित्र 231 बाय 611 सेंटिमीटरचं. ही हाताने रंगवलेली प्रत 60 बाय 159 ची आहे, म्हणजे प्रमाण बरोबर राखलंय. तयार मापातली 60 बाय 90 ची प्रत मात्र घेऊ नका. तिच्यात जवळजवळ 43 टक्के रुंदी कापली जाते आणि खांद्यावर हात ठेवून चाललेल्या आंधळ्या सैनिकांची ओळच मधे तुटते. मग उरलं काय?

मस्टर्ड गॅस या विषारी वायूने डोळे पोळलेल्या या सैनिकांत एक जण पायरी चढायची म्हणून गुडघा नको तितका वर उचलतो. 1919 च्या या चित्राचा जीव त्या पायात आहे. इथे तो पाय नीट उतरलाय. मागचे फुटबॉल खेळणारे मात्र नुसते ठिपके झालेत. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे सैल फटकाऱ्यांच्या वळणाचं काम म्हणजे काहीही फासलं तरी चालतं, हा समज काही सुटत नाही. सार्जंटचा फटकारा सैल दिसतो, पण त्यात आकार पक्का असतो.

खरी गडबड रंगात आहे. सावल्यांत सरळ काळा ओतल्याने खाकी चिखलासारखी दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून येणारा राखाडी हवा होता. निळा थोडा जास्त टाकला की सावली जिवंत राहते. डोळ्यांवरच्या पट्ट्याही कोऱ्या पांढऱ्या ठेवल्यात. मावळतीच्या उन्हात पांढरं असं दिसत नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने जुनं वॉर्निश काढून 2023 मध्ये चित्र पुन्हा मांडलं. ऑर्डर देताना त्यानंतरचा फोटो समोर ठेवायला सांगा.

छापील प्रिंटवर पारदर्शक जेल फिरवून रंगकामाचा भास आणलेला माल ओळखायचा तर बाजूने टॉर्च मारा. खऱ्या रंगकामात उजेडाच्या जागी रंग जाड आणि सावलीत पातळ लागतो. जेलचे वळसे सगळीकडे सारखेच, खालच्या आकाराशी न जुळणारे. या प्रतीत रंग खरा आहे.

गुंडाळी रंग बाहेर ठेवून केली होती, हे योग्यच. आत ठेवला तर तो चेपला जातो. चौकट मात्र कमजोर. एवढ्या रुंदीला चौकटीत मधोमध उभी लाकडी पट्टी हवीच, नाहीतर कॅनव्हास झोळ खातो. कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या ठोकून ताण वाढवता येतो, पण पट्टीची कसर त्याने भरत नाही. शेवटचं वॉर्निश लावायची घाई नको, जाड रंगाला सहा महिने ते वर्ष द्या.