गोगोलचं नाक की चेखॉवची शिंक?

दोन रशियन लेखकांच्या या दोन्ही गोष्टी सरकारी हुद्द्याच्या धाकाच्या. गोगोलच्या ‘नाक’मध्ये (१८३६) न्हावी पाव कापतो तर आत नाक! ते कोवाल्योव या सरकारी अधिकाऱ्याचं. पुढे हेच नाक वरच्या हुद्द्याचा गणवेश चढवून पीटर्सबर्गभर मिरवतं आणि मालकालाच ओळख देत नाही. वर्तमानपत्राचा कारकून हरवल्याची जाहिरात घेत नाही, वर सांत्वनाला तपकीर पुढे करतो. आता ओढायची कशाने?

चेखॉवच्या ‘कारकुनाचा मृत्यू’मध्ये (१८८३) अशक्य असं फारसं काही नाही. चेर्व्याकोव नाटकगृहात पुढच्या जनरलच्या टकलावर शिंकतो, माफी मागून मागून त्याला वात आणतो. जनरल खेकसतो, हा घरी जाऊन गणवेशातच मरतो.

हसू गोगोलकडे जास्त. पण साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळलेल्यांनी आधी चेखॉव वाचावा.