मिनी कूपर एस: यवतेश्वर घाटात पास, मागच्या सीटवर नापास

पुण्याच्या एका शोरूमवाल्यांनी डेमो गाडी साताऱ्याला आणली होती, तीन दरवाजांची नवी मिनी कूपर एस, आणि मी फोनवरच सांगून टाकलं की मला हायवेला सरळ पळवायची नाहीये, यवतेश्वर घाट चढू देणार असाल तर येतो. हो म्हणाले. याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक, कारण पोवई नाक्यावरून बॉम्बे रेस्टॉरंट चौकात जायचं आणि परत यायचं याला लोक टेस्ट ड्राइव्ह म्हणतात, त्यात एसी गार आहे का नाही यापलीकडे काही कळत नाही.

आता मिनीबद्दल बोलायचं तर जुन्या मिनीपासूनच सुरुवात करावी लागते, नाहीतर ४५ लाखांची लहान गाडी एवढंच दिसतं. १९५६ ला सुएझ कालव्याचं प्रकरण झालं, इंग्लंडमध्ये पेट्रोल रेशनवर आलं, आणि तिथल्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीने अलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनियरला कामाला लावलं की पेट्रोल कमी पिणारी, लहान, पण चार माणसं नीट बसतील अशी गाडी काढ. त्या माणसाने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली ऑइल साठतं त्या सम्पमध्येच बसवला, ताकद पुढच्या चाकांना दिली, चाकं १० इंची घेऊन चार कोपऱ्यांत ढकलली आणि स्प्रिंगच्या जागी रबराचे कोन लावले. १९५९ ला गाडी बाजारात आली, लांबी १० फूट, आणि त्यातली निम्म्याहून जास्त जागा माणसांची. इंजिन ८४८ सीसीचं, ३४ हॉर्सपॉवर. पुढे रेसच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरने तिला तयार केली आणि कूपर एस मॉडेलने १९६४, १९६५ आणि १९६७ ला मॉन्टे कार्लो रॅली मारली, भल्या मोठ्या गाड्या मागे टाकून. आपल्याकडे अख्खी पिढी ज्या मारुती ८०० वर गाडी शिकली तिचंही इंजिन आडवं आणि ओढणारी चाकं पुढचीच. म्हणजे मिनी कधी न बघितलेल्या माणसानेही तिची मांडणी वर्षानुवर्षं चालवलेली आहे, म्हणून मला या गाडीबद्दल एवढं वाटतं.

जुनी मिनी २००० ला बंद झाली, नाव बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवलं आणि २००१ पासून नवी मिनी ऑक्सफर्डच्या कारखान्यात बनतेय. आताची तिची चौथी पिढी, भारतात जुलै २०२४ ला आली.

गाडीत बसलो आणि पहिलं काय आवडलं तर चालू करायची पद्धत. बटण नाही, डॅशबोर्डच्या मधोमध एक छोटी मूठ आहे ती चावीसारखी पिळायची. बोटांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. तिच्या वरती गोल स्क्रीन, साधारण साडेनऊ इंचाची, आणि ती मध्येच का तर १९५९ च्या गाडीचा स्पीडोमीटरही मध्येच होता म्हणून. मोड बदलून टाइमलेस लावला की त्यात जुन्या मिनीसारखा काट्याचा मीटर येतो, मी बराच वेळ तोच ठेवला. डॅशबोर्डला प्लास्टिकच्या ऐवजी विणलेलं कापड आहे आणि स्टिअरिंगचा खालचा आरा म्हणजे चक्क एक कापडी पट्टा, अंगठा सारखा तिकडेच जातो. पण एसीचं तापमानसुद्धा त्याच स्क्रीनवर बोट लावून बदलायचं, हे मला पटलं नाही. घाटात नजर रस्त्यावर पाहिजे, तिथे हाताला चाचपून सापडणारं बटणच बरं.

समर्थ मंदिरापासून वर निघालो. शहरात गाडी साधी, शांत, मागून कोणी हॉर्न मारला तरी ढिम्म. चढ सुरू झाला, पुढचा टेम्पो वळला, रस्ता मोकळा मिळाला तसा गो-कार्ट मोड, म्हणजे मिनीचा स्पोर्ट मोड, टाकला आणि मग मात्र काय सांगू, २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, ३०० एनएम टॉर्क, हे आकडे वाचून माहिती होते पण चढावर पाय टेकवला तर चढ आहे हेच गाडीला कळत नाही. कंपनी शून्य ते शंभर ६.६ सेकंदात सांगते, ते मी घाटात तपासायचा प्रश्नच नव्हता आणि तपासूही नये. मजा वेगाची नाहीच, मजा वळणाची. उजवीकडे दरी, खाली सगळा सातारा पसरलेला, समोर अजिंक्यतारा, आणि हात मनगटात जरासा वळवला की गाडीचं नाक लगेच आत येतं, मागचा भाग रेंगाळत नाही, झुकत नाही, चारही चाकं एकदमच वळल्यासारखी. माझी रोजची स्विफ्टही वळणांना हलकी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही, पण तिथे आपण स्टिअरिंग फिरवतो आणि मग गाडी वळते, इथे त्या दोन गोष्टींत अंतरच नाही. साठ वर्षांपूर्वी मॉन्टे कार्लोच्या बर्फाळ घाटात लोकांना काय मिळालं असेल त्याचा एक तुकडा अजून या गाडीत शिल्लक आहे असं मला अगदी खरं वाटलं. वळणातून बाहेर पडताना घाईने जास्त दाबलं तर स्टिअरिंग हाताला थोडं ओढतं, एवढी ताकद पुढच्या दोनच चाकांना दिली की तसं होणारच. गिअरबॉक्स ७ स्पीडचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, हुशार आहे, पण स्टिअरिंगमागून बोटांनी गिअर बदलायचे पॅडल शिफ्टर या गाडीत नव्हते. उतारावर डी वरून एल ला टाकून इंजिन ब्रेकिंग मिळतं, तरी अशा गाडीला पॅडल हवेतच हवेत.

पेट्री गावापर्यंत गेलो, तिथे जागा बदलली. माझा मित्र सहा फुटी, तो मागे बसला होता तो उतरला आणि म्हणाला, "भावा, आता मी पुढे, तू बस मागे." बसलो. पुढची सीट सरकवून, वाकून आत शिरायचं, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, खिडकी उघडत नाही. आणि सस्पेन्शन कडक असल्यामुळे डांबराला जिथे जिथे ठिगळ लावलंय ते प्रत्येक पाठीला कळतं. पुढे बसून हेच कडकपण चांगलं वाटत होतं, मागे वाटत नाही. गावातल्या उंच स्पीडब्रेकरवर तर जवळजवळ थांबूनच घ्यावी लागते, गाडी खूप खाली बसते.

आणि इथेच मला मूळ मिनी आठवते. १० फुटांत चार माणसं, ही तिची सगळी कमाल होती. नवी गाडी ३.८८ मीटर, म्हणजे लांबीला जवळपास स्विफ्टएवढीच, वजन जुनीच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि डिकी २१० लिटर, स्विफ्टला २६५ मिळते. वजन वाढणं मला मान्य आहे, एअरबॅग आणि मजबूत सांगाडा फुकट येत नाही, आजच्या काळात जुन्या मिनीच्या पत्र्यात कोणी पोरांना बसवू नये. पण एवढी लांबी वापरून मागे माणूस नीट बसत नसेल तर इसिगोनिसचा अर्धा विचार गेला, आणि तो महत्त्वाचा अर्धा होता. गोल दिवे, मधला मीटर, छपराचा वेगळा रंग हे सगळं जपलं, चालवण्याची मजा जपली, जागेचं गणित सोडून दिलं.

किंमत लाँचला ४४.९० लाख एक्स-शोरूम होती. गाडी तयार होऊन इंग्लंडहून येते, त्यामुळे आयातकर बसतो आणि आकडा असा होतो. साध्या माणसासाठी काढलेल्या गाडीचं नाव या किमतीला लागलेलं बघून वाईट वाटतं, ते लपवत नाही. तरी ज्याच्याकडे घरची मोठी गाडी आधीच आहे, पैसे आहेत, आणि रविवारी पहाटे कास, ठोसेघर, महाबळेश्वर असं एकट्याने किंवा जोडीने जायची हौस आहे, त्याने एसयूव्हीच्या रांगेत उभं राहण्याआधी ही नक्की चालवावी. ती एकच गाडी घरात असणार असेल तर घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्हला जाताना घाटाचा रस्ता मागा, सकाळी लवकर जा म्हणजे कासच्या गर्दीत अडकणार नाही, आणि जो माणूस रोज मागे बसणार आहे त्याला सोबत न्या, पैसे भरायच्या आधी त्याला अर्धा तास मागे बसवा. सर्व्हिसिंगसाठी पुण्याला जावं लागणार, तेही हिशोबात धरा.