ड्रमावरची इलॅस्टिकची जाळी: मृगापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

जत तालुक्यात डेंग्यू कसा काय होतो, असं सांगली-मिरजेकडचे पाहुणे हमखास विचारतात. कृष्णाकाठी पाणी तुंबतं, तिकडे डास असणारच. आमच्याकडे तर पाण्याचीच ओरड. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला गटारापेक्षा साठवलेलं स्वच्छ पाणी जास्त आवडतं. नळ रोज येत नाही म्हटल्यावर प्रत्येक दारात दोनशे लिटरचे निळे ड्रम, सिमेंटचा हौद आणि रांजण भरलेले असणारच. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, ही सूचना शंभर टक्के बरोबर आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. पण विकत घेतलेल्या टँकरचं पाणी मोरीत ओतून द्यायला कुठल्या बाईचा हात धजेल? ओतता येत नसेल तर डासाला पाण्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढाच मार्ग उरतो. म्हणून आमच्या गल्लीने ड्रमांवर जाळ्या बसवल्या. त्या कशा निघाल्या ते सविस्तर लिहिते.

जाळी विकतची नाही. बचत गटातल्या बायकांनीच मृगाआधी शिवली. खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी, एका इंचात सोळा ते अठरा भोकांची. त्याहून विरळ घेऊ नका, डास आत जातो. मच्छरदाणीचं कापड मऊ आणि स्वस्त असतं, पण रोजच्या ओढाताणीत लगेच फाटतं. ड्रमाच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी वीतभर जास्त कापड ठेवून गोल कापायचं, कडेला दुमड घालून त्यात रुंद इलॅस्टिक ओवायचं. शिलाईसकट एक जाळी शंभराच्या आत पडली.

बसवण्याआधी ड्रम घासणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेकांना तीच माहीत नसते. हा डास अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. ड्रम वाळला तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणजे उन्हाळाभर उपडा पडलेला ड्रम मृगात भरला की आठवड्यात डास तयार. आमच्या शेजारच्या वहिनींनी न घासताच जाळी चढवली होती. थोड्याच दिवसांत जाळीच्या आतल्या बाजूला डास चिकटलेले दिसले. अंडी आधीचीच होती. एका अर्थी ते बरंच झालं, कारण जाळी डासाला अडवते हे सगळ्या गल्लीने डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर काथ्या आणि विटेची भुकटी घेऊन सगळे ड्रम आतून घासून काढले.

रोजच्या वापरात एक मोठी अडचण आहे. तांब्याने पाणी घ्यायचं तर दर वेळी जाळी काढावी लागते, आणि सकाळच्या घाईत ती अर्धवटच चढवली जाते. बोटभर फट राहिली की जाळी असून नसल्यासारखी. त्यातून हा डास दिवसा फिरतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, म्हणजे नेमका पाणी काढायच्या वेळी. ड्रमाला खाली तोटी बसवणे हाच यावर उपाय. प्लंबरकडून भोक पाडून, वायसर घालून घेतली की झालं. तोटी असलेल्या घरांत जाळी फक्त पाणी भरताना निघते. जिथे तोटी नाही तिथे ती महिनाभरात कोपऱ्यात पडलेली मी पाहिली आहे. जाळीसाठी पैसे काढणार असाल तर तोटीचेही त्यातच धरा, नाहीतर दोन्ही करू नका.

ड्रम काठोकाठ भरू नका. जाळी मध्ये खाली झुकून पाण्याला टेकली तर डास वरूनही अंडी घालू शकतो. प्लॅस्टिकचा कागद बांधणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, कागदाला खोलगा पडतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि झाकणच डासांचं घर होऊन बसतं.

टिकाऊपणा मध्यम. कापड अजून चांगलं आहे, पण इलॅस्टिकने उन्हात मान टाकली. दिवाळीपर्यंत घट्ट होतं, संक्रांतीनंतर सैल पडत गेलं. सावलीतल्या ड्रमांची इलॅस्टिकं अजून बरी आहेत.

हौदाला जाळी जमली नाही, तोंडच एवढं मोठं. तिथे गप्पी मासे सोडले. ते डासांच्या अळ्या खातात, पिल्लं घालतात, संख्या आपोआप वाढते. पण पाण्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर जास्त पडली की मासे मरतात, म्हणून टँकरचं पाणी थेट मासे असलेल्या हौदात सोडू नका, आधी ड्रमात दिवसभर राहू द्या. हे मासे ओढ्यात किंवा तलावातही सोडू नयेत, तिथल्या मूळच्या जिवांच्या मुळावर येतात.

आता फरक काय पडला. आशाताई कंटेनर सर्वेला येतात तेव्हा ड्रमांत बॅटरी मारून बघतात. तोटी-जाळीवाल्या ड्रमांत आता अळ्या सापडत नाहीत. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारे डास मात्र तसेच होते, आणि त्यावरून काही घरांनी जाळीलाच नावं ठेवली. ते डास वेगळे, क्युलेक्स जातीचे. ते घाण पाण्यात आणि संडासाच्या टाकीत वाढतात. उरलेल्या कापडाचे तुकडे व्हेंट पाइपांच्या तोंडाला बांधले तेव्हा तेही कमी झाले. धूरफवारणीची गाडी येते तेव्हा लोक दारं लावून घेतात. एडिस तर घरातच, पलंगाखाली आणि टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो, त्याला धूर लागतच नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या तरी धुराने फक्त उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही.

एकट्या घराने हे करून भागत नाही. हा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा जन्मल्या जागेच्या काही शे मीटरांतच राहतो. म्हणजे आपल्याला चावतो तो आपल्या किंवा शेजारच्या दारातलाच. आमच्या गल्लीतली काही कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, घरं उन्हाळ्यापर्यंत कुलूपबंद. परतीच्या पावसाने अंगणातले रांजण भरून राहायचे आणि बघायला कुणी नसायचं. यंदा जातानाच त्यांच्याकडून रांजण घासून उपडे करून घेतले, ड्रम आमच्या पडवीत ठेवले. जाळीला एक रुपया न लागता झालेलं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कष्टाला निघालेल्या माणसांनी ऐन निघायच्या गडबडीत आमच्या पोरांसाठी ते केलं.

आणखी एक, जाळीशी थेट संबंध नसला तरी लिहिते. ताप आलेल्या माणसाला पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांना रोग द्यायला लागतो आणि मरेपर्यंत देत राहतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या तर घरी थांबू नका.

या मृगाला इलॅस्टिक काढून त्या जागी परकराची नाडी ओवणार आहोत. नाडी उन्हाने सैल होत नाही आणि हाताने हवी तेवढी आवळता येते. शिवायला टाकणार असाल तर सुरुवातीपासूनच नाडीची शिवा.