अख्खं अंडं की नुसता पांढरा भाग?

उकडलेलं अंडं मधोमध कापून पिवळा बलक ताटाच्या कडेला सारणारे दिसले की मला खरंच हळहळ वाटते. मोठ्या अंड्याच्या पांढऱ्या भागात जेमतेम १७ कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिनं, कोलेस्टेरॉल शून्य. वजन उतरवताना सोयीचं, एवढंच.

अख्ख्या अंड्यात सुमारे ७२ कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं आणि १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. पण मेंदूला लागणारं कोलीन, अ आणि ड जीवनसत्त्वं, डोळ्यांना लागणारं ल्युटीन हे सगळं बलकातच. शिवाय शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. रक्तातलं वाढवण्यात संपृक्त चरबीचा (तूप-लोण्यात असते तशी) हात मोठा, म्हणून अंडं कशात तळता ते आधी बघा. मधुमेह असेल किंवा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं असेल, तर मात्र बलक किती खायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.